होडी घाट चढते तेव्हा

पेठ तालुक्यात पडलेला पाऊस दमणगंगेसारख्या नद्यांमधून अरबी समुद्राला मिळतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात पडलेला पाऊस मात्र गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. मध्ये पाणलोटाची रेघ आहे आणि पेठ त्या रेघेच्या पश्चिमेला येतं. सरळ रेषेत मोजलं तर समुद्र इथून साठ-सत्तर किलोमीटरच आहे. तरीही समुद्रातली होडी त्या पाण्यावरून पेठला येऊ शकत नाही. नदीच्या पात्रात खडक आहेत, उतार अंगावर येणारे आहेत, उन्हाळ्यात पाण्याचे नुसते डोह उरतात, आणि खाली दादरा-नगर हवेलीजवळ मधुबन धरणाची भिंत आहे. पाणी खाली जातं, होडी वर येत नाही. तिला यायचं तर चाकांवरूनच यावं लागतं.

उलट दिशेचा प्रवास मात्र इथल्या जंगलाने पुष्कळ पाहिला आहे. पेठच्या उत्तरेला सुरगाण्यापलीकडे डांगचं सागवान आहे. 1842 च्या सुमारास इंग्रजांनी डांगचं जंगल भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं, ते याच सागासाठी. मुंबईच्या गोदीला जहाजं बांधायला लाकूड हवं होतं आणि युरोपातला ओक अपुरा पडत होता. त्याआधी वाडिया घराण्याच्या सुतारांनी मुंबईत सागाची जहाजं बांधून नाव कमावलं होतंच. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागापासून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. जहाजाचं लाकूड डोंगरातून खाली समुद्राकडे, ही जुनी रीत. तयार जहाज समुद्रातून वर डोंगरात, हे मात्र उफराटं.

असा उफराटा प्रवास कुणाला का करावासा वाटेल? समजा, नौदलातून निवृत्त झालेला पेठ-नाशिककडचा एखादा गृहस्थ आहे. मुंबईत असताना त्याला शिडाच्या होडीचा नाद लागला आणि त्याने जुनी होडी विकत घेतली. तिचा तळ खरवडायचा आहे, फायबरला फोड आले आहेत, सुकाणूच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. मुंबईत होडी ठेवायला जागा मिळणं कठीण, मिळाली तर भाडं चढत जातं. शनिवार-रविवारी कसारा उतरून जायचं, दोन तास काम करायचं आणि परत यायचं, याने कुठलंही काम संपत नाही. मग मनात येतं की होडीच घरी आणावी. अंगणात पत्र्याची शेड उभारावी आणि संध्याकाळी दिवा लावून निवांत हातोडी-पॉलिश पेपर घेऊन बसावं.

यात एक खरं शहाणपण आहे. होडीची दुरुस्ती तिच्या सहवासातच नीट शिकता येते. 2009 च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे ‘म्हादेई’वर निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, शिडाच्या होडीतून एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात ती होडी बांधली जात होती, तेव्हा ते स्वतः तिथे होते. फळी कुठे चिकटवली, बोल्ट कुठे बसवला, हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की दक्षिणेच्या महासागरात काही तुटलं तरी हात आपोआप योग्य जागी जातो. घराजवळ होडी हवी, यामागचं सर्वांत प्रामाणिक कारण हेच असावं. पैशांची बचत हे कारण बहुतेक वेळा हिशेबात टिकत नाही.

आता होडी जमिनीवर आली की तिचं नेमकं काय होतं ते पाहू. पाण्यात असताना तिचं सगळं वजन पाणी उचलतं, आणि तेही तळाच्या इंच न् इंच भागावर पसरून. म्हणूनच होडीचा तळ पातळ ठेवता येतो. गाडीवर ठेवली की तेच वजन चार-पाच जागी एकवटतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला नेमक्या हाडांच्या जागी जखमा होतात, तसंच हे. फायबरची होडी चुकीच्या जागी टेकलेली राहिली तर तिथे तळ आत दबतो. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. महिन्याभराने हात फिरवला की खळगा लागतो, आणि पुढे त्याच जागी बारीक भेगा पडतात.

म्हणून जाणती माणसं होडी ज्या सांगाड्यावर ठेवतात, त्याला ‘पाळणा’ म्हणतात. त्याचा नियम सोपा आहे. वजन मधल्या कण्यावर द्यायचं. बाजूचे टेकू फक्त होडी कलंडू नये म्हणून, आणि तेही आतून जिथे आडवी भिंत किंवा बरगडी आहे त्याच्या बरोबर खाली. टेकूवर जाड रबर किंवा जुनं कार्पेट. पट्टे बांधतानाही तेच: पट्टा डेकच्या मधोमध आवळला की डेक दबतो, म्हणून तो मजबूत कोपऱ्यांवरून घ्यायचा. ट्रकवर माल आवळणाऱ्या हमालाला हे पटवून देणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम. तो प्रामाणिकपणे सिमेंटच्या गोणीइतकाच जोर लावतो.

होडीच्या आकारावर पुढचं सगळं ठरतं. शिडाच्या होड्यांचे ढोबळ दोन वर्ग. पहिल्या वर्गातल्या होड्यांना खाली जड कील नसते, एक फळी खालीवर होते आणि खलाशी स्वतःच्या वजनाने होडी सावरतो. लहान मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ ही अशीच, 2.3 मीटर लांब आणि जेमतेम 35 किलोची. ऑलिंपिकमध्ये चालणारी ‘लेझर’, जिला आता आयएलसीए म्हणतात, ती 4.2 मीटर लांब. तिच्या नुसत्या अंगाचं वजन 59 किलोच्या आसपास. दोन माणसं ती सहज उचलतात, चौघं असतील तर गप्पा मारत उचलतात.

इथे एक उपयोगी योगायोग आहे. आपल्याकडे मालवाहू टेम्पोंचं माप फुटांत चालतं. चौदा फुटी टेम्पोचा हौदा सुमारे 4.27 मीटर लांब असतो. म्हणजे लेझर त्यात जेमतेम बसते, आणि सतरा फुटी मिळाला तर डोलकाठीचे तुकडे, सुकाणू आणि शिडाच्या पिशव्याही आरामात मावतात. ‘छोटा हत्ती’ मात्र चालणार नाही. त्याचा हौदा साताठ फुटांचा, होडी अर्धी बाहेर लटकेल. मालाचा भाग गाडीबाहेर काढण्याबद्दल नियम आता कडक आहेत, आणि ते असायलाच हवेत. रात्रीच्या वेळी पुढच्या ट्रकमधून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्यांवर आदळून आपल्याकडे माणसं मेली आहेत.

ऑप्टिमिस्ट आणि लेझर उलट्या ठेवून नेतात, म्हणजे डेक खाली आणि तळ वर. वाऱ्याचा विचार करायला हवा. होडीचा आकार मुळातच पाण्यावर घसरण्यासाठी घडवलेला. ताशी साठ-सत्तरच्या वेगाने तिच्याखाली वारा शिरला तर ती उचलली जाते. पट्टे नुसते घट्ट नकोत, आडवेही हवेत आणि उभेही.

दुसऱ्या वर्गात कीलबोटी येतात. तळाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंखा, त्यानेच होडी वाऱ्यात सरळ उभी राहते. जगभर शर्यतींत चालणारी जे/24 घ्या. लांबी 7.3 मीटर, वजन 1,400 किलोच्या आसपास, त्यातलं जवळपास तिसऱ्या हिश्श्याचं वजन एकट्या कीलमध्ये. आणि रुंदी 2.71 मीटर. हा शेवटचा आकडा नीट पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीची रुंदी 2.6 मीटरपर्यंतच चालते. म्हणजे अकरा सेंटिमीटरसाठी ही होडी ‘ओडीसी’ ठरते, मोठ्या मापाचा माल. त्याला वेगळी परवानगी लागते, दिवसाच्या वेळा ठरतात, लाल झेंडे लागतात. अकरा सेंटिमीटर म्हणजे तळहाताएवढं अंतर, पण कागदपत्रांचा ढीग अंगावर येतो.

उंचीचंही तसंच. मालवाहू गाडीची उंची साधारण चार मीटरपर्यंत धरतात. कीलबोट उभी ठेवली की कील, अंग आणि वरची केबिन मिळून अडीच मीटरच्या घरात जाते. साधा ट्रक घेतला तर त्याचा हौदा जमिनीपासून मीटरभर किंवा जास्तच वर असतो. म्हणून कीलबोटीला खाली बसलेला लो-बेड ट्रेलर हवा. तो नसेल तर कुठल्या तरी कमी उंचीच्या कमानीखाली गाडी अडू शकते आणि मागे एक किलोमीटर रांग लागते.

‘म्हादेई’सारखी होडी तर या विचारातच बसत नाही. 17 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 23 टन वजन, 25 मीटरची डोलकाठी. तिला रस्त्याने नेणं म्हणजे दोन्ही लेन बंद करणं. म्हणूनच अशी होडी नदीकाठीच बांधतात, तिथूनच पाण्यात सोडतात आणि तिची दुरुस्तीही पाण्याकाठीच होते.

डोलकाठीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या प्रवासात जीव जायचा असेल तर तो बहुधा हिच्यामुळेच जाईल. आजकालच्या डोलकाठ्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या. दोन्ही वीजवाहक. आपल्याकडे रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या तारांची जमिनीपासूनची किमान उंची कमी दाबाच्या तारांसाठी 5.8 मीटर आणि उच्च दाबाच्या तारांसाठी 6.1 मीटर ठरवलेली आहे. लेझरची डोलकाठी सहा मीटरच्या आसपास असते, आणि होडी चाकांच्या गाड्यावर असेल तर तिचं टोक आणखी वर जातं. म्हणजे अंगणात होडी जोडून, शीड चढवून, ‘बघू तरी कशी दिसते’ म्हणत पन्नास पावलं ढकलली तर टोक 11 केव्हीच्या तारेला भिडू शकतं. उन्हाळ्यात तारा खाली झोळतात, तेव्हा धोका आणखी वाढतो. जगभर शिडाच्या होडीवाल्यांचे असे मृत्यू झाले आहेत, आणि बरेचसे पाण्यावर नव्हे तर किनाऱ्यावर होडी हलवताना. डोलकाठी उतरवणं हा सोयीचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे.

डोलकाठी उतरवताना प्रत्येक तारेला, प्रत्येक पिनेला नंबराची चिठ्ठी लावावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. परत जोडताना डाव्या-उजव्या ताणतारा अदलाबदल झाल्या तर डोलकाठी वाकडी उभी राहते आणि कारण शोधण्यात दिवस जातो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू बसवलेले असले की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. विद्युत-रासायनिक गंज म्हणतात तो हाच. ते स्क्रू जोर लावून काढले की ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. आदल्या दिवशी गोड्या पाण्याने धुवून, भेदक तेल सोडून ठेवलं तर बरं. किंबहुना सगळी होडीच निघण्याआधी गोड्या पाण्याने धुवावी, कारण मिठाचे कण पट्ट्याखाली सापडले की ते पॉलिश पेपरसारखं काम करतात, आणि प्रवास काही तासांचा असतो.

आता मार्ग. मुंबईहून पेठला यायला दोन वाटा. एक नाशिकमार्गे: कसारा घाट चढायचा, नाशिकहून पेठ रस्ता धरायचा आणि सावळघाट उतरायचा. दुसरी वलसाडच्या बाजूने: मुंबई-अहमदाबाद महामार्गाने सपाट किनारपट्टीवरून पारडीपर्यंत जायचं आणि तिथून कपराडामार्गे चढत पेठ गाठायचं. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, त्यात इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. त्यामुळे कसाऱ्याची जुनी वळणं टाळता येतात. माझं मत विचाराल तर लांब मालासाठी वळणं टाळणं हे अंतर वाचवण्यापेक्षा मोलाचं.

याचं कारण वळणाच्या भूमितीत आहे. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांचा माग काढत नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. आणि मागे बाहेर आलेला भाग, म्हणजे बांधलेली डोलकाठी, वळणाच्या बाहेरच्या बाजूला झाडूसारखा फिरतो. घाटातल्या तीव्र वळणावर आतल्या बाजूला डोंगर आणि बाहेरच्या बाजूला समोरून येणारी एसटी. ड्रायव्हर अनुभवी असतो, पण त्याला सवय ट्रकच्या मापाची असते, डोलकाठीच्या टोकाची नाही. म्हणून मोठ्या कीलबोटीची डोलकाठी वेगळ्या गाडीवर न्यावी किंवा होडीच्या वर पुढे-मागे सारख्या अंतराने काढून बांधावी.

कुणी मोटारीमागे ट्रेलर जोडून न्यायचा विचार करत असेल तर एक आकडा लक्षात ठेवावा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या हुकवर यायला हवा. वजन मागे गेलं की ट्रेलर वेगात डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की ब्रेक दाबल्याने ते वाढतं. घाट उतरताना ब्रेकऐवजी खालच्या गिअरवर भर द्यायचा, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. ट्रेलरचीही आरटीओकडे नोंदणी लागते, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं.

होडी तोडून नेण्याची कल्पनाही जुनी आहे. इसवी सनपूर्व 326 मध्ये अलेक्झांडरला झेलम ओलांडायची होती आणि त्याच्या होड्या सिंधूवर होत्या. त्याने माणसं मागे पाठवली, लहान होड्यांचे दोन-दोन तुकडे केले, तीस वल्ह्यांच्या होड्यांचे तीन-तीन, आणि ते तुकडे गाड्यांवरून झेलमला आणून पुन्हा जोडले. एरियन या ग्रीक इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकात पेरूने ‘यावारी’ हे जहाज इंग्लंडमध्ये 2,766 तुकड्यांत बनवून घेतलं आणि ते खेचरांच्या पाठीवरून अँडीज पर्वत चढवून तितिकाका सरोवरात नेलं. 1862 मध्ये निघालेलं ते जहाज 1870 च्या नाताळात पाण्यात उतरलं. आठ वर्षं लागली, पण पोचलं.

आजही हीच युक्ती चालते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात वल्हं मारायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला. त्याची एकट्याची बोट आठेक मीटर लांब आणि 14 किलोच्या आसपास, ती अख्खी नेता येते. पण आठ जणांच्या रोइंग बोटी सतरा-अठरा मीटरच्या असतात, त्यांतल्या बऱ्याच दोन तुकड्यांत बनवतात, मध्ये बोल्टांनी जोडायच्या. अलेक्झांडरच्या सुतारांना हे पाहून आपलंच काम वाटलं असतं.

शिडाच्या होड्यांचं रस्त्यावरचं येणं-जाणं आपल्याकडे दिसतं त्यापेक्षा जास्त आहे. मुंबईचा समुद्र पावसाळ्यात बंद. त्या महिन्यांत हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर शर्यती भरतात आणि देशभरातून होड्या ट्रकवर लादून तिथे जातात. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बे या तलावाच्या भागात शीड सांभाळायला शिकतात. तिथल्या होड्यांना समुद्रापासून घाटाखेरीज दुसरी वाटच नाही. पेठच्या गृहस्थाची होडी म्हणजे काही जगावेगळं नाही, फक्त ती एकटी आहे.

आता खरा प्रश्न, आणि याचं उत्तर मला बऱ्याच लेखांत नीट दिलेलं दिसत नाही: होडी घरी आणून तिचं भलं होतं का? ते ती कशाची आहे यावर अवलंबून आहे.

फायबरच्या होडीला कोरडी हवा हवी. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की वरच्या गुळगुळीत थरातून पाण्याचे कण आत शिरतात, आतल्या रेझिनमधले काही घटक विरघळतात आणि तळावर फोड येतात. फोड फोडला की आंबट, झोंबणारा वास येतो. यावर नुसता रंग मारणं म्हणजे पाणी आतच कोंडणं. वरचा थर खरवडायचा, गोड्या पाण्याने पुन:पुन्हा धुवायचं आणि मग होडी कोरडी होऊ द्यायची, आठवडे नव्हे, कधी कधी महिने. मुंबईच्या दमट हवेत हे रखडतं. घाटावरची हिवाळ्या-उन्हाळ्याची हवा इथे औषधासारखी कामाला येते.

पण घाटावरही सगळे महिने सारखे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. निफाडची थंडी तर दरवर्षी बातम्यांत असते. एवढ्या थंडीत इपॉक्सी रेझिन नीट पिकत नाही, दमट पहाट असेल तर वर चिकट साय धरते आणि पुढचा थर त्यावर चिकटत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलट अडचण: भांड्यातलं रेझिन लावून होण्याआधीच गरम होऊन घट्ट होतं. फेब्रुवारी आणि मार्च, फार तर एप्रिलच्या सकाळी, हाच काय तो सोयीचा काळ. आणि पेठमध्ये पावसाळा म्हणजे दोन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. शेजारचं कपराडा गुजरातमधल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडतं. त्या चार महिन्यांत पेठला होडी कोरडी करायला ठेवणं म्हणजे तिला बादलीत ठेवणं.

अडचण अशी की होड्या समुद्रातून बाहेर काढायचा काळ नेमका हाच. मुंबईत शर्यतींचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. मच्छीमारांसाठीही 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना बंदी असते. कोकणात त्याआधी होड्या ओढून शाकारायची लगबग उडते आणि डागडुजी त्याच दिवसांत उरकतात. म्हणजे होडी मोकळी असते तेव्हा पेठची हवा ओली, आणि पेठची हवा कोरडी असते तेव्हा समुद्रात वारा उत्तम. यातून वाट अशी: पावसाळ्यात घरी आणायच्या त्या सुट्या गोष्टी, म्हणजे शीड, सुकाणू, फळी, ताणतारा, कप्प्या. त्यांची कामं छपराखाली होतात. तळाचं काम पावसाळ्यातच करायचं असेल तर होडी पेठला थांबवूच नये, पाणलोटाची रेघ ओलांडून पुढे न्यावी. त्याच नाशिक जिल्ह्यात सिन्नर-येवल्याकडे पेठच्या मानाने नावापुरताच पाऊस, आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याची, वेल्डिंगची, फायबरची कामं करणारे हात आहेत.

लाकडी होडीचं मात्र सगळं उलट. कोकणातला जुना मचवा फळ्यांना फळ्या लावून बांधलेला असतो, फटींत कापूस ठोकून वर डांबर किंवा तेल-राळेचं मिश्रण भरलेलं. लाकूड पाण्यात फुगतं आणि फटी मिटतात. होडी जलरोधक राहते ती या फुगण्यावर. तीच होडी मार्चमध्ये घाटावर कोरड्या उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, फटी उघडतात, कापूस सुटतो. आतून बाहेरचा उजेड दिसायला लागतो. परत पाण्यात सोडल्यावर ती फुगून बंद होईपर्यंत एखाद-दोन दिवस गळत राहते, आणि फटीत धूळ भरली असेल तर फळी नीट मिटतही नाही. ज्याने ही होडी घाटावर आणली त्याने तिची दुरुस्ती केली, पण आजारही दिला. लाकडी होडी शाकारतात ती झापांखाली, सावलीत, समुद्राच्या ओलसर वाऱ्यात, हे काही अज्ञानातून नव्हे.

जहाजाला कारागिरांकडे न्यायचं की कारागिरांना जहाजाकडे, हा निवाडा मोठ्या मंडळींनीही केला आहे. मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जीर्ण झालं तेव्हा 1987 मध्ये ते दक्षिण इंग्लंडहून बार्जवर चढवून उत्तरेला हार्टलपूलला नेलं, कारण ‘वॉरियर’ या दुसऱ्या जुन्या युद्धनौकेची दुरुस्ती नुकतीच तिथे झाली होती आणि ती कला अवगत असलेले हात तिथेच होते. म्हणजे जहाज हललं, पण ते कौशल्याच्या दिशेने हललं. नौदलाची शिवलेली नौका ‘कौंडिण्य’ 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून तिची रचना घेतली आहे. तिच्यासाठी मात्र केरळचे कारागीर गोव्यात आले. तिथे हात हलले.

पेठच्या गृहस्थाने हाच प्रश्न स्वतःला विचारावा. माझं उत्तर असं. पाच मीटरच्या आतली, कील नसलेली फायबरची होडी असेल तर ती खुशाल घरी आणा. फेब्रुवारीत आणा आणि मेअखेर परत न्या. टनाच्या वर वजनाची कीलबोट असेल तर ती किनाऱ्यावरच ठेवा आणि वाचलेल्या ट्रेलरच्या भाड्यात चांगला फायबर कारागीर तिथे न्या; स्वतः त्याच्या शेजारी बसून शिका. लाकडी मचवा असेल तर तो घाट चढवूच नका. आणि जी होडी आणाल, तिची डोलकाठी निघण्याआधी उतरवली आहे याची खात्री ड्रायव्हरवर न सोपवता स्वतः करून घ्या.